झडपेची फट आणि खास पाना

जुन्या डिझेल मोटारी वापरणाऱ्यांमध्ये एक प्रश्न वर्षानुवर्षे चर्चिला जात आहे. इंजिनाच्या झडपांची फट नीट करावयाची झाल्यास, म्हणजे गॅरेजच्या बोलीत ‘टॅपेट सेट’ करावयाचे झाल्यास, कारखान्याने नेमून दिलेली खास हत्यारे जवळ असलीच पाहिजेत काय? दुरुस्तीच्या पुस्तिकेत या कामाच्या आरंभीच हत्यारांची यादी दिलेली असते, आणि त्यांतील प्रत्येकापुढे एक लांबलचक क्रमांक असतो. ती यादी पाहून एखादा मालक पुस्तिका मिटतो आणि काम पुढे ढकलतो. दुसरा एखादा ती यादी न वाचताच पक्कड घेऊन बॉनेट उघडतो. पहिल्याचे काम होत नाही. दुसऱ्याचे काम बिघडते. दोघांच्याही वाट्याला अखेर तोच खर्च येतो, आणि तो खास हत्याराच्या किमतीहून कितीतरी अधिक असतो.

प्रश्न लहान आहे, परंतु त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही. ते देण्यापूर्वी डिझेल इंजिनात झडपेचे महत्त्व इतके का, हे थोडे पाहिले पाहिजे.

पेट्रोलच्या इंजिनात इंधन पेटविण्यासाठी विजेची ठिणगी पाडली जाते. डिझेलच्या इंजिनात अशी ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याने १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वी करून दाखविले, त्याचे मर्म हवेच्या दाबात होते. हवा एकाएकी दाबली की ती तापते. पुरेशी तापली की तिच्यात सोडलेले तेल आपोआप पेट घेते. १९३६ साली जर्मनीत ‘मर्सिडीज २६० डी’ ही डिझेल मोटार विक्रीस आली, आणि पुढील अर्धशतकात या जातीच्या मोटारी टॅक्सीचालकांच्या विशेष पसंतीस उतरल्या. त्यांच्या इंजिनांत हवा आपल्या मूळ आकारमानाच्या सुमारे एकविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. त्या काळच्या पेट्रोलच्या इंजिनात हेच प्रमाण आठ-नऊ पटींच्या आसपास असे.

आता, ही दाबलेली हवा सिलिंडरात कोंडून कोण ठेवते? खालून दट्ट्या आणि वरून झडपा. झडप आपल्या बैठकीवर घट्ट बसली तरच दाब टिकतो. ती केसभर जरी उघडी राहिली, तरी हवा निसटते, उष्णता कमी पडते आणि इंधन पेटत नाही. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगीचा आधार असल्यामुळे अशी थोडी गळती काही काळ चालून जाते. डिझेलच्या इंजिनाला असा आधार नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे मोटार सुरू होता होत नाही, सुरू झाली तर पांढरा धूर सोडीत अडखळत चालते, आणि मालक बॅटरीला किंवा तेलाला दोष देत राहतो. पुष्कळदा दोष झडपेचा असतो.

झडप पूर्ण बसावी म्हणूनच तिच्यात आणि तिला दाबणाऱ्या भागांत थोडी फट राखलेली असते. इंजिन तापले की झडपेचा दांडा लांबतो. फट नसेल तर लांबलेला दांडा मागे सरकण्यास जागा उरत नाही आणि झडप बैठकीवरून उचललेलीच राहते. ही फट अत्यल्प असते. १९७६ ते १९८५ या काळातील मर्सिडीजच्या २४० डी व ३०० डी या मोटारींत, इंजिन थंड असताना, हवा आत घेणाऱ्या झडपेस ०.१० मिलिमीटर आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेस ०.३० मिलिमीटर फट ठेवावी लागते. टर्बो बसविलेल्या पाच सिलिंडरी इंजिनात दुसरा आकडा ०.३५ असतो. ०.१० मिलिमीटर म्हणजे साधारणपणे लिहिण्याच्या एका कागदाची जाडी. धुराच्या झडपेला फट अधिक, कारण तिच्यावरून जळते वायू जातात आणि ती अधिक तापते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फट वाढली तर झडप खडखडते, आणि तो आवाज ऐकून मालक सावध होतो. फट नाहीशी झाली तर मात्र कोणताच आवाज येत नाही. उलट इंजिन पूर्वीपेक्षा शांत वाटते. झडप बैठकीवर आपटून आपटून कालांतराने आत रुतत जाते, आणि तिचा दांडा तितकाच वर येतो. त्यामुळे वापराबरोबर फट पुष्कळदा कमीच होत जाते. धुराची झडप आपली उष्णता बैठकीला देऊन थंड होत असते; ती बैठकीला टेकेनाशी झाली की तिची कड जळू लागते. मग सिलिंडरचे डोके उतरविण्यावाचून इलाज नसतो. गाजणाऱ्या झडपेपेक्षा मुकी झडप अधिक घातक असते, ती अशी. म्हणूनच कारखान्याने ठरावीक अंतरानंतर तपासणी सांगितलेली असते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या मर्सिडीज डिझेल मोटारींसाठी ते अंतर १५,००० मैल, म्हणजे सुमारे २४,००० किलोमीटर होते. ‘योग्य हत्यार मिळाले की करू’ असे म्हणून हे अंतर दुपटीतिपटीने लांबविणे हा या प्रकरणातील खरा धोका आहे.

मग ही हत्यारे कोणती, आणि त्यांवाचून कितपत भागते? याचे उत्तर मालकाच्या कसबावर थोडे आणि इंजिनाच्या रचनेवर फार अवलंबून आहे. जुन्या डिझेल मोटारींत फट कमीजास्त करण्याच्या तीन निरनिराळ्या रीती आढळतात, आणि तिन्हींचे उत्तर वेगळे आहे.

पहिली रीत सर्वांत जुनी आणि सर्वांत सोपी. तीत झडप दाबणाऱ्या रॉकरच्या एका टोकाला एक स्क्रू असतो आणि त्याला जखडून ठेवणारे एक चेकनट असते. फ्रान्समधील प्यूजो ५०४ डिझेल या मोटारीची व्यवस्था अशीच होती. भारतातील श्रोत्यांना अधिक परिचित उदाहरण म्हणजे अँबॅसडर. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे २०१४ सालापर्यंत तयार होत असलेल्या या मोटारीच्या डिझेल आवृत्तीत प्रथम १,४८९ घनसेंटिमीटरचे, इंग्लंडमधील बीएमसी कंपनीच्या घडणीचे इंजिन होते. तेथे एका हातात पाना, दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर आणि फट मोजण्याचे फीलर गेज इतक्यावर काम होते. चेकनट सैल करावे, गेजची पट्टी फटीत घालावी, स्क्रू फिरवावा, चेकनट आवळावे आणि आवळल्यानंतर पुन्हा मोजावे. खास हत्याराचा येथे प्रश्नच येत नाही.

या रचनेत कोणती झडप केव्हा तपासावी, यासाठीही उपकरण लागत नाही. चार सिलिंडरांच्या ज्या इंजिनात आठ झडपा एका ओळीत, दोन्ही टोकांकडून सारख्याच क्रमाने मांडलेल्या असतात, तेथे जुने मिस्त्री नवाची बेरीज वापरतात. आठवी झडप पूर्ण उघडी असेल तेव्हा पहिलीची फट पाहावी, सहावी उघडी असेल तेव्हा तिसरीची. दोन्ही क्रमांकांची बेरीज नऊ आली पाहिजे. शाळेतल्या मुलाला जमेल असे हे गणित एका महागड्या उपकरणाचे काम करते.

दुसरी रीत मर्सिडीजच्या जुन्या चार व पाच सिलिंडरी डिझेल इंजिनांची, आणि ‘खास पाने’ या प्रश्नाचे मूळ बहुतांशी येथेच आहे. हीच इंजिने महाराष्ट्राशीही संबंध राखून आहेत. पुण्याजवळील बजाज टेम्पो या कंपनीने, जिचे नाव पुढे फोर्स मोटर्स झाले, मर्सिडीजचे ‘ओएम ६१६’ हे चार सिलिंडरी इंजिन परवान्याने तयार केले आणि ते ट्रॅक्ससारख्या गाड्यांत बसविले. तेव्हा स्टुटगार्टची ही रचना खेडोपाडी प्रवासी वाहणाऱ्या गाड्यांच्या रूपाने येथील रस्त्यांवरही येऊन पोहोचलेली आहे.

या इंजिनात झडपेच्या दांड्यावरच आटे पाडलेले असतात आणि त्यांवर दोन नटे एकावर एक बसतात. वरचे नट टोपीसारखे बंद असते. त्याच्या माथ्यावर रॉकर टेकतो. खालचे नट त्या टोपीला आवळून धरते. दोन्हींना १४ मिलिमीटरचा पाना लागतो. एक धरून दुसरे फिरवावयाचे, इतकीच क्रिया. अडचण जागेची आहे. नटे स्प्रिंगांच्या आणि रॉकरच्या दाटीत बसलेली असल्यामुळे सरळ पाना तेथे नीट बसत नाही, आणि दोन पाने एकदम तर मुळीच फिरत नाहीत. म्हणून कारखान्याने पातळ डोक्याचे, मानेत बाक दिलेले दोन पाने नेमून दिले. तिसरे हत्यार म्हणजे स्प्रिंगच्या वरच्या टोपणाला धरून ठेवणारा एक पकडपाना. नटे फिरविताना त्यांच्याबरोबर झडपही फिरू नये, हा त्याचा हेतू.

आता या तिहींची गरज वेगवेगळी तोलून पाहिली पाहिजे. बाकदार पाने हवेतच. त्यांच्यावाचून नट धरता येत नाही, आणि जे धरता येत नाही ते मग पकडीने चावले जाते. परंतु ते कारखान्याच्याच क्रमांकाचे असले पाहिजेत असे नाही. चांगल्या पोलादाचे दोन साधे १४ चे पाने घेऊन, मान तापवून त्यांना योग्य बाक देणे हे कोणत्याही कुशल लोहाराला जमणारे काम आहे, आणि अनेक देशांत जुन्या मोटारींच्या मालकांनी ते करून घेतलेले आहे. मात्र तोंडाजवळची धार तापवून मऊ होऊ देता कामा नये. तोंड मऊ पडले की पाना नटावरून घसरतो, नटाचे कोपरे झिजतात, आणि वाचविलेले पैसे नव्या नटांवर जातात. ज्याला असा लोहार जवळ नाही, त्याने तयार पाने विकत घ्यावेत. ते एकदाच घ्यावे लागतात आणि मोटारीच्या आयुष्यभर पुरतात.

तिसऱ्या पकडपान्याची गोष्ट निराळी. खालचे नट एका पान्याने डावीकडे आणि वरची टोपी दुसऱ्याने उजवीकडे, असे दोन्ही हातांनी परस्परांविरुद्ध बळ लावले, तर ती दोन बळे एकमेकांना छेदतात आणि झडपेवर फारसे वळण पडत नाही. म्हणून नियमित देखभाल झालेल्या इंजिनात दोन पान्यांवर काम निभते. परंतु वर्षानुवर्षे न उघडलेली नटे गच्च बसलेली असतील, तर दोन्ही मिळून फिरू लागतात, त्यांच्यासवे झडप फिरते, आणि कितीही जोर केला तरी ती सुटत नाहीत. तेथे हातोडा उचलण्याऐवजी पकडपाना मिळविणे हेच शहाणपणाचे. म्हणजे पाहा, हे हत्यार कितपत लागेल ते पूर्वी केलेल्या किंवा टाळलेल्या देखभालीवर ठरते. वेळेवर काम करणाऱ्याला दोन हत्यारे पुरतात. आळस करणाऱ्याला तीन लागतात.

याच इंजिनांबाबत आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. प्रत्येक झडपेची फट पाहण्यापूर्वी इंजिन हाताने फिरवून कॅमचा उंचवटा रॉकरपासून दूर आणावा लागतो. कॅमशाफ्टच्या पुढच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरविण्याचा मोह होतो, कारण तो बोल्ट समोरच दिसतो. पुस्तिका हे स्पष्टपणे मना करते. खालच्या क्रँकशाफ्टच्या बोल्टला २७ मिलिमीटरचा सॉकेट लावून, इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनेच ते फिरवावे. स्टार्टरचे झटके देऊन फिरविण्याची प्रथाही आढळते. परंतु ज्या इंजिनाला पेटण्यासाठी ठिणगी लागत नाही, ते अवचित सुरू होऊ शकते, हे विसरता कामा नये. येथे लागणारा सॉकेट खास नाही, बाजारात कोठेही मिळतो. लागतो तो संयम.

तिसरी रीत या दोहोंहून वेगळी आहे. १९७६ साली जर्मनीच्या फोल्क्सवॅगन कंपनीने गोल्फ या छोट्या मोटारीत दीड लिटरचे डिझेल इंजिन बसविले. त्यात ना स्क्रू ना नट. कॅमच्या खाली वाटीसारखा एक भाग असतो आणि वाटीच्या माथ्यावर पोलादाची एक गोल चकती. फट बदलावयाची म्हणजे चकती काढून वेगळ्या जाडीची चकती घालावयाची. या चकत्या ०.०५ मिलिमीटरच्या फरकाने तयार केलेल्या असतात. चकती निघण्यासाठी वाटी, तिच्यावर बसलेल्या जोरदार स्प्रिंगविरुद्ध, कॅमला धक्का न लावता खाली दाबून धरावी लागते. त्यासाठी एक दाबणारी दांडी आणि चकती उचलणारा चिमटा अशी दोन खास हत्यारे आहेत.

येथे मात्र त्यांना खरा पर्याय नाही. मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने वाटी दाबून पाहणारे असतात. तो घसरला तर कॅमच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडा उमटतो किंवा वाटीची कड मोडते. दुसरा मार्ग कॅमशाफ्टच उतरविण्याचा. परंतु त्यासाठी दात्यांचा पट्टा काढावा लागतो, आणि पट्टा काढला की कॅमशाफ्ट व इंधनपंप यांची वेळ पुन्हा जुळवावी लागते. त्या जुळणीसाठी कॅमशाफ्ट जखडणारी पट्टी, पंप अडविणारी खीळ आणि मोजमापाचा डायल अशी आणखी खास साधने लागतात. एक छोटे हत्यार टाळण्यासाठी तीन मोठी आणावयाची, असा हा व्यवहार होतो. शिवाय याच इंजिनात एक इशारा पाळावा लागतो. दट्ट्या अगदी वर असताना झडप दाबली तर ती दट्ट्यावर आदळते; म्हणून क्रँक पाव फेरा पुढे नेऊन दट्ट्या खाली उतरवावा आणि मगच वाटी दाबावी. ही दक्षता न घेतल्यास खास हत्यार असूनही झडप वाकू शकते.

तीन रचना पाहिल्यावर निवाड्याचा एक सामान्य नियम हाती येतो. खास हत्यारे दोन प्रकारची असतात. काही कारागिराच्या हाताची सोय पाहतात. काही यंत्राच्या अंगाचे रक्षण करतात. कारखान्याची पुस्तिका रोज दहा मोटारी हाताळणाऱ्या कर्मशाळेसाठी लिहिलेली असते. तेथे पाच मिनिटे वाचविणारे हत्यारही यादीत येणे स्वाभाविक आहे. दोन वर्षांतून एकदा हे काम करणाऱ्या मालकाला पाच मिनिटांची मातब्बरी नाही. त्याने सोयीचे हत्यार खुशाल वगळावे. परंतु जे हत्यार वगळले असता बळ भलत्याच ठिकाणी लागते, नटाऐवजी त्याच्या कोपऱ्यांवर, वाटीऐवजी कॅमवर, ते वगळणे म्हणजे काटकसर नाही. हत्यार वगळण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हे नसताना जोर कशावर पडेल? उत्तर निर्धोक असेल तर पुढे जावे. नसेल तर थांबावे.

एक साधन मात्र तिन्ही रीतींत समान आहे आणि त्याला कोठेही पर्याय नाही. ते म्हणजे फीलर गेज: निरनिराळ्या जाडीच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा, चाकूसारखा उघडणारा छोटा संच. विशेष हे की सर्व हत्यारांत स्वस्त असूनही सर्वांत अधिक वेळा वगळले जाते ते हेच. आवाजावरून किंवा बोटाने रॉकर हलवून फट ‘जमविणारे’ मिस्त्री पुष्कळ आहेत. आवाजाच्या कसोटीचा धोका वर सांगितलाच आहे. जी झडप जळण्याच्या वाटेवर आहे ती बोलतच नाही. बोटाला ०.१० आणि ०.०५ यांतील भेद कळणे दुरापास्त आहे, आणि त्या भेदावर झडपेचे आयुष्य अवलंबून असते. गेजची पट्टी फटीत सरकताना किंचित ओढ जाणवली पाहिजे. ती सैल सरकू नये, अडकूही नये. ही ओढ ओळखणे हेच या कामातील खरे कसब, आणि ते सरावानेच येते.

मोजण्याची स्थितीही तितकीच नेमकी हवी. मर्सिडीजचे वर दिलेले आकडे थंड इंजिनाचे आहेत. म्हणजे मोटार रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी मोजावे. गोल्फच्या डिझेल इंजिनाचे आकडे तापलेल्या इंजिनाचे आहेत. एकाचा आकडा दुसऱ्याच्या स्थितीत वापरला तर उत्तम हत्यारही चुकीचेच काम बिनचूकपणे करील. म्हणून आपल्या इंजिनाचा आकडा आणि त्यासोबतची अट, दोन्ही लिहून ठेवावीत. काम करताना प्रत्येक झडपेची सापडलेली फट आणि ठेवलेली फट यांची नोंद केली, तर पुढच्या खेपेस कोणती झडप लवकर आवळत आहे हे आपोआप कळते. वहीचे एक पान आणि पेन्सिल यांनाही या कामाच्या हत्यारांत गणण्यास हरकत नाही.

यंत्रविद्या पुढे गेली तसा हा प्रश्न नव्या मोटारींपुरता मिटला. १९८३ साली आलेल्या मर्सिडीज १९० डी या मोटारीच्या इंजिनात तेलाच्या दाबाने आपली फट आपणच भरून काढणारी योजना होती, आणि त्यानंतर अनेक कारखान्यांनी तीच वाट धरली. अशा मोटारीच्या मालकाला झडपेची फट म्हणजे काय हेही ठाऊक नसते, आणि असण्याचे कारणही नाही. परंतु जुन्या रचनेची इंजिने आपल्या मजबुतीमुळेच अजून उरली आहेत. ती ज्या काळात घडली त्या काळात यंत्राने माणसाच्या हाताची अपेक्षा धरलेली होती. दर काही हजार मैलांनी कोणी तरी झाकण उघडील, पट्टी घालून पाहील, नट पाव फेरा फिरवील, हे रचनेतच गृहीत होते. ही अपेक्षा पुरी होत राहिली तर ती दीर्घकाळ चालतात, न झाली तर मुकाट्याने जळतात.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. स्क्रू आणि चेकनट असलेल्या इंजिनास खास हत्यार लागत नाही. दुहेरी नटांच्या इंजिनास दोन बाकदार पाने लागतात, मग ते कारखान्याचे असोत वा लोहाराच्या भात्यातून आलेले. तिसरा पाना नटे गच्च बसली असतील तरच लागतो. चकतीच्या इंजिनास नेमलेली हत्यारे घ्यावीतच, किंवा ती ज्याच्याजवळ आहेत त्या मिस्त्रीकडे मोटार न्यावी. त्यात कमीपणा नाही. गेज मात्र सर्वांनी बाळगावे. आणि कोणतेच हत्यार हाताशी नसेल तरीही झाकण उघडून फट मोजून पाहण्यास काही अडचण नसते. मोजणी करून काम पुढे ढकलणाऱ्याला, आपण किती ढकलू शकतो, हे निदान ठाऊक तरी असते.